मागची खोली रिकामी नव्हती

सुमन, चित्र आलं.

आधी एवढंच सांगते, बाकीचं मागून. तुझ्या डोक्यातलं चित्र आलं आणि मी ते पाहिलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आज सकाळी दोनदा दूध उतू गेलं. तुझा दादा म्हणाला, "काय झालं तुले?" त्याला सांगून काय उपयोग? ज्या माणसाशी वाद घातला, त्यालाच जाऊन सांगावं लागतं की बाई, तुझं खरं निघालं. आणि ते माणूस तू. तू गेलीस, तुझं पुण्यानुमोदन होऊन अजून आठवडा झाला नाही. पाहुणे गेले, सतरंज्या धुऊन वाळत घातल्या, आणि चित्र आलं.

म्हणून लिहायला बसले. कोणाला दाखवायचं नाही. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं ते. मी पेन किती दाबून धरते तुला माहीत आहे. मी काही लिहिलं की तू कागद उलटा करून मागून बोट फिरवायचीस आणि म्हणायचीस, "वावर नांगरलं का वैनी?" आताही नांगरतेच आहे.

कुठून सुरू करू? तू सुरू केलंस तिथूनच करते.

मी या घरात नवी आले त्या दिवशी बाया माझं तोंड पाहायला जमल्या होत्या. मी पदर ओढून भिंतीला चिकटून बसले होते. मी आधीच न बोलणारी, त्यात एवढ्या बाया. तेवढ्यात तू बायांमधून वाट काढत आलीस. नणंद लहान आहे आणि अगदी तान्ही असताना गोवरात तिचे डोळे गेले, एवढंच मला माहेरी सांगितलं होतं. तू माझ्यासमोर मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "हात दे, वैनी."

मी उजवा दिला. तू तो चाचपलास आणि करंगळीवर थांबलीस. तिथं इळ्यानं कापल्याची जुनी खूण आहे. मग म्हणालीस, "आता दुसरा दे." डाव्या तळव्यावरचे घट्टे तू एकेक करून तपासलेस. मी हात मागं ओढायला पाहिला. मी डावखुरी. निघताना आईनं बजावलं होतं, सासरी वाढताना, देताना, घेताना उजवाच हात पुढं कर, कळू देऊ नको. तू माझ्या कानाला लागलीस आणि हळूच म्हणालीस, "इळ्यानं सगळ्याइचा डावा हात कापते. तुहा उजवा कापला. डावरी हाय तू. मी नाही सांगत कोणाले."

आणि नाही सांगितलंस. सासूबाई असेपर्यंत एकदाही तुझ्या तोंडून ते निघालं नाही. एवढ्या बायांनी माझं तोंड पाहिलं. मी कोण आहे ते त्या दिवशी तू एकटीनं पाहिलंस.

तरी वाद झालाच आपला. वर्षानुवर्षं चालला. जागासुद्धा ठरलेली. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी तू अलीकडे, मी पलीकडे, मधे सूप आणि सुपात तुरीची डाळ. ती खोली धाकट्या भाऊजींसाठी बांधली होती. ते नोकरीला सुरतेला गेले आणि तिकडचेच झाले. खोली एक हंगामसुद्धा रिकामी राहिली नाही. त्याच दिवाळीनंतर तिच्यात कापूस आला आणि छताला टेकला. तेव्हापासून ती कापसाचीच.

तिथं बसून एक दिवस मी मनातलं बोलले. "सुमन, माणसाच्या डोक्यात पाहायची एक जागा असंन ना? तुही ती नुसतीच पडली असंन. कुलूप लावल्यावानी."

तू डाळीतला खडा बाजूला टाकलास. "वैनी, आपल्या घरात रिकामी खोली पाहिली का तू कधी?"

"ते घराचं झालं."

"मंग डोकं कोणत्या घरातलं हाय? याच घरातलं हाय ना?"

"मंग काय भरलं तिथं?"

"मले काय मालूम. कापूसच असंन."

आपण दोघी हसलो. पण वाद काही मिटला नाही, कारण मला ते खरंच वाटायचं. मला वाटायचं, तुझ्या आत एक जागा बंद दारामागं जन्मभर वाट पाहत बसली आहे. तू सुई ओवायचीस, माझ्या लेकीच्या, कविताच्या, वेण्या घालायचीस, खपली गहू कोणता ते नुसतं बोट लावून ओळखायचीस, तरी माझं मन त्या बंद दारापाशीच जायचं. कधी कधी तुझ्यासमोर डोळे उघडे ठेवायचीही मला लाज वाटायची. तू ते ओळखलंस. एकदा रागावून सूप बाजूला सारलंस आणि म्हणालीस, "माह्या आतलं काही रिकामं नाही. कीव करायची असंन तर बाहेरूनच कर, आत नको शिरू." त्या दिवशी तू जेवलीस, पण माझ्या हातची भाकरी घेतली नाहीस, स्वतःची स्वतः थापलीस. एवढी लहान गोष्ट वाटेल कोणाला. आपल्यासाठी लहान नव्हती.

म्हणून बुलढाण्याला डोळे नसलेल्यांच्या शिबिरात प्रज्ञा मॅडम बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा तू कान टवकारलेस. आपल्या मेहकरकडचीच पोरगी, पुण्याला मेंदूचा अभ्यास करते. तिनं सांगितलं की बोटाला काही लागलं की त्याची खबर हातातून, पाठीच्या कण्यातून वर मेंदूत जाते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं रक्त जास्त धावतं, आणि एक यंत्र आहे ते डोकं न उघडता ते धावणं टिपतं. लहानपणापासून डोळे नसलेली माणसं तिला अभ्यासाला हवी होती. बाकीचे आपसात कुजबुजले. तूच विचारलंस, "मॅडम, पाहायची जागा माह्या डोक्यात रिकामी हाय का भरेल, ते दिसंन का त्याच्यात?"

मॅडम म्हणाल्या, "तेच तर पाहायचं आहे."

तू माझ्याकडं तोंड फिरवलंस. "आयकलं का वैनी? चाल पुण्याले. फैसला करून टाकू."

पुण्याचं आठवलं की अजून हसू येतं. मॅडमनी आधी सगळं वाचून दाखवलं, नको वाटलं तर केव्हाही उठा म्हणाल्या. मग म्हणाल्या, आत फार मोठं लोहचुंबक आहे, अंगावर धातूचं काही नको. तुझं काय, कानातल्या दोन बुगड्या काढल्या की झालं. मी सुरू केलं तर संपेना. बांगडीला पिना, पदराला पीन, ब्लाउजला पीन, पोतीला अडकवलेली आणखी एक. मॅडमच्या हातातला डबा वाजत होता. तू म्हणालीस, "वैनी, दुकान लावलं काय?"

गळ्यातली पोत मी कशीबशी काढली. जोडव्यांपाशी मात्र अडले. लग्नात घातलेली ती, त्यानंतर निघालीच नव्हती. आणि नवरा जिवंत बसला असताना जोडवी कोणी काढतं का? मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "सुमन जाईल आत. मी इथं बसते."

तू साबण मागितलास. फरशीवर बसलीस आणि माझा पाय ओढून मांडीवर घेतलास. मी लाजून पाय मागं घेतला. "गप बस वैनी. बैलाले नाल नाही ठोकून राह्यली, जोडवंच काढून राह्यली." साबण लावून, फिरवून फिरवून तू ते काढलंस. खालच्या कातडीवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "इथची कातडी अजून माहेरचीच हाय."

मी वाकून पाहिलं. खरंच गं. सगळा पाय मातीनं, उन्हानं रापलेला, आणि तेवढी बोटभर जागा लहान पोरीची असावी तशी मऊ. तिथं मी स्वतः कधी हात लावला नव्हता.

तुझ्या दादाला फोनवर सांगितलं, जोडवी काढावी लागली, तर म्हणतो कसा, "काढली? मी तर आताच जेवून उठलो." तू फोन माझ्या हातातून घेतलास. "दादा, पोट भरलं असंन तर भांडे घासून ठेव."

मग मॅडमनी विचारलं, कामाचा हात कोणता? माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "उजवा." आणि तू खुर्चीवरून बोललीस, "खोटं बोलून राह्यली. डावरी हाय ते." इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तू पुण्यात जाऊन सांगितलीस. मी लाजले, पण आतून हलकं वाटलं. मॅडम म्हणाल्या, अभ्यासात उजव्या हातानं काम करणारेच घेतले आहेत, म्हणून वहिनींना त्यात धरता येणार नाही. पण त्यांचंही चित्र काढू, तुम्हाला ताडून पाहायला. शिवाय सुमनताईंनाही धीर येईल. तू म्हणालीस, "मले कायले धीर? तिलेच लागते तो."

खरंच लागला. डोक्याभोवती पिंजरा, कानात बोळे, हातात एक रबरी फुगा, घाबरलं तर दाबायचा. यंत्र असं खडखडत होतं की मळणीत दगड गेला असावा. तिथं पडल्या पडल्या माझ्या डाव्या हाताच्या बोटांखाली लहान लहान पट्ट्या येत होत्या, त्यांवर उठावाच्या रेघा. आधीची आणि आताची सारखी वाटली तर बटण दाबायचं, वेगळी वाटली तर दाबायचं नाही. मी प्रत्येक वेळी दाबलं.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला सगळ्याच सारख्या वाटल्या?"

"नाही," मी म्हटलं. "काही वेगळ्या होत्या. पण तुम्ही एवढ्या मेहनतीनं दिल्या, नाही कसं म्हणायचं?"

तू हसून हसून भिंत धरलीस. "ते मशिनीची पाहुणी झाली, मॅडम. वाढलं तेवढं घेतलं तिनं." मॅडमही हसल्या. त्यांची पुण्याची भाषा तिथंच सुटली. "वहिनी, मशिनीले राग नाही येत. बिनधास्त नाही म्हणा." मी पुन्हा आत गेले आणि नाही म्हटलं. किती वेळा म्हटलं! तोंड न उघडता, कोणाचं मन न दुखावता, वेगळं ते वेगळं. तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. मला फार मजा आली.

तू बाहेर आलीस ती जांभई देतच. मी विचारलं, "आत अंधार नाही वाटला?" तू माझ्याकडं तोंड वळवलंस. "हे तू मले विचारून राह्यली?"

चहा घेताना मॅडमनी तुझ्या डोक्यावरच बोटानं नकाशा काढून दाखवला. शाळेत पोरी फीत बांधतात ना, एका कानावरून माथ्याकडं, तशी एक पट्टी मेंदूवर आहे. साऱ्या अंगाला लागलेलं तिथं पोहोचतं. उजव्या हाताचं डाव्या बाजूला, डाव्याचं उजव्या. आणि वाटणी सारखी नाही. बोटांना आणि ओठांना भरपूर जागा, पाठीला जराशी. तू लगेच म्हणालीस, "म्हणजे वावर बोटाइले आणि पाठीले नुसता धुरा, बांधापुरती जागा." मॅडमनी ते लिहून घेतलं. मग तू डोक्याच्या मागं हात नेलास, मानेच्या वर, फुगीर हाड लागतं तिथं. "आणि हे?" मॅडम म्हणाल्या, "डोळ्यांनी पाहिलेलं तिथं जातं. तुमचं काय ते चित्र तयार झालं की कळेल. वेळ लागतो त्याला."

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. वारा आवडायचा तुला. जालना मागं पडल्यावर म्हणालीस, "चित्र आलं की ते डोळेवाल्याइसाठी. मले त्याचा काय उपयोग?"

"मी पाहून सांगीन ना."

"सांगू नको. तू सांगताना माह्यावर दया करून सांगशीन. हातात दे."

मी हो म्हटलं. कसं देणार, तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि तिथंच तू ते विचारलंस. "वैनी, मी दिसते कशी?" मी म्हटलं, "चांगली." तू म्हणालीस, "चांगली तर ज्वारीबी दिसते." मी पदर सावरून बसले, सगळी गाडी ऐकत होती. आता गाडीत कोणी नाही, ऐक. तू तशी दिसायचीस, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी दारात थांबून घराचा आवाज ऐकणारं माणूस जसं दिसतं. हनुवटी जराशी वर, भुवया उचललेल्या, ओठ हसायच्या तयारीत. नाक तुझ्या दादाचं. हसलीस की डाव्या गालावर खळी पडायची, आणि ती तुला माहीत नव्हती, कारण हसताना स्वतःचा गाल कोण चाचपतं? तू फार छान दिसायचीस, सुमन. मला हे एवढं एका वाक्यात कधी म्हणता आलं नाही.

पुढचं, तुझ्या जाण्याचं, मी लिहिणार नाही. सगळ्या गावाला ते माहीत आहे. एकच लिहिते, कारण ते फक्त मला माहीत आहे. शेवटी तू बोलत नव्हतीस, पण माझा उजवा हात तुझ्या हातात होता आणि तुझं बोट माझ्या करंगळीवर, इळ्याच्या खुणेवर, जात येत होतं. अगदी पहिल्या दिवसासारखं. मग ते बोट थांबलं. देऊळगाव राजाहून कविता येऊन पोचली तरी मी हात सोडला नव्हता. तेव्हा तुझ्या डोक्यात कुठं उजेड होता, कोणाला ठाऊक. पण मी तिथं पोहोचत होते एवढं मला कळलं.

आणि काल प्रज्ञा मॅडम आल्या. धाड गावापर्यंत एसटीनं, पुढं जीपनं. तू गेल्याचं फोनवर कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, मीच येते. समोरच्या खोलीत मोटर दुरुस्तीचं सामान पसरलं होतं, म्हणून मी त्यांना मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसवलं. आपल्या जागेवर. तुझ्या बाजूला त्या बसल्या. मग त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले आणि सुपावर ठेवले.

एक माझं, एक तुझं. राखाडी रंगाचं डोकं, वरून कापलेल्या फुलकोबीसारखं, आणि त्यावर नारंगी ठिपके. मॅडम म्हणाल्या, हा रंग डोक्यात नसतो हं, संगणक भरतो. जिथं काम जास्त चाललं तिथं. मी माझ्या कागदावर बोट ठेवलं. फीत बांधतात तिथं, उजव्या बाजूला, नारंगी. डाव्या हाताचं. मागं डोळ्यांच्या जागी मला रंगच दिसला नाही. "तुम्ही डोळे मिटून बोटांनी काम करत होता ना," मॅडम म्हणाल्या.

मग तुझा कागद. फितीच्या जागी, डाव्या बाजूला, नारंगी. ते असणारच होतं. आणि मागं...

मी कागद उचलून उजेडाला धरला. मॅडमना विचारलं, "हे मागचं? हे काय?"

"ते तेच," त्या म्हणाल्या. "डोळ्यांची जागा. डोळ्यांकडून काही येईना, तर ती बसून नाही राहिली. बोटांच्या कामाला लागली. लहानपणीच डोळे गेलेल्या पुष्कळ जणांत असं दिसतं. सुमनताईंचं तर किती स्वच्छ आलं आहे बघा."

मी उठून उभी राहिले. का ते मला माहीत नाही, बसवेना. मागं खोलीत कापूस छताला टेकलेला. सुमन, मला तुला हाक मारायची होती. शेजारच्या दोन्ही घरांना ऐकू जाईल अशी. तुला माहीत आहे मी कधी मोठ्यानं हाकसुद्धा मारत नाही. तोंड उघडलं होतं मी, तेवढ्यात आठवलं, आणि मी पाणी आणायला आत गेले. माठाशी उभी राहून रडले आणि हसले, दोन्ही एकदमच. कुलूप नव्हतं गं. दार नव्हतं. कोणी वाट पाहत बसलं नव्हतं. मी इतकी वर्षं ज्या खोलीची कीव केली तिथं तू डाळ निवडत होतीस, वेण्या घालत होतीस. माझा हात तिथंच पाहत होतीस.

पाणी घेऊन आले आणि मॅडमना एकच विचारलं. "मग तिला बोटांनी दिसत होतं का?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. ते मला आवडलं. "जागा कामाला लागलेली चित्रात दिसते, वहिनी. तिला आतून कसं वाटत होतं, ते कोणत्याच चित्रात दिसत नाही. ते फक्त त्याच सांगू शकल्या असत्या."

तू तर रोज सांगत होतीस. तर एवढा भाग आपल्या वादातला तसाच राहिला. तू असतीस तर पुढच्या सगळ्या दुपारी त्यावर गेल्या असत्या. मी म्हटलं असतं, दिसणं वेगळं, आणि तू म्हटलं असतंस, तुले काय मालूम, तू पाहिलं का माह्या बोटानं? मला तो वाद हवा आहे. जिंकायला नको, नुसता हवा आहे.

पण आणखी एक गोष्ट आहे आणि ती मॅडमनीही आधी पाहिली नव्हती, माझ्याच लक्षात आली. मी दोन्ही कागद सुपाच्या दोन बाजूंना ठेवले, आपण बसायचो तसे, तोंडाला तोंड करून. तुझ्या उजव्या हाताचा उजेड तुझ्या डाव्या बाजूला. माझ्या डाव्याचा माझ्या उजव्या. समोरासमोर ठेवले तर दोन्ही उजेड एकाच अंगाला आले, एकमेकांसमोर. आईनं जो हात लपवायला सांगितला, त्याच्यामुळं. आपण डाळ निवडत बसायचो तेव्हा दरवेळी असं होत असणार, सुपाच्या एकाच बाजूला दोन दिवे. आणि आपण खड्यांवरून भांडत असायचो. मॅडम त्या कागदांकडं पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे अभ्यासात नाही लिहिता येणार. पण मी कोणाला तरी सांगीन." सांगा म्हटलं.

मॅडम गेल्यावर मी तुझ्या जांभळ्या लुगड्याचा तुकडा काढला. हातात दे म्हणाली होतीस ना. कागदावरचं डोकं कोळशानं त्यावर उतरवलं आणि डाव्या हातानं टाका घातला. कडेनं धावदोरा. फीत बांधायच्या जागी, डाव्या अंगाला, गोधडीला घालते तसे दाट बारीक टाके, बोटाला खरखरीत लागतील असे. आणि मागच्या जागेपाशी आले तेव्हा थांबले. तिथं नुसते टाके पुरेनात. मग मला तुझं बोलणं आठवलं, कापूसच असंन. मी उठले, मागच्या खोलीत गेले आणि मूठभर कापूस काढून आणला. सरकी वेचली. लुगड्याला खालून अस्तर लावून त्या जागी तो भरला आणि वरून गाठी मारल्या. आता ती जागा अशी उठून आली आहे की कोणालाही हाताला लागेल.

आज दूध उतू गेलं ते यामुळं. मी चुलीपाशी डोळे मिटून हेच चाचपत बसले होते.

तर हात दे, सुमन. उजवा दे. ही कड. हे कपाळ, इथं काही नाही, पुढं चल. आता वर ये माथ्याकडं. जरा डावीकडं. खरखरीत लागलं ना? ही तुझी बोटं. हे तुझं वावर, इथं थांबू नको, हे तर तुला माहीतच होतं. आता मागं ये. हळूहळू. मधे साधं कापड आहे, घाबरू नको, संपलं नाही अजून. आणखी मागं. फुगीर हाड असतं तिथपर्यंत.

लागलं?